लोकांना दोष देण्याआधी हिशेब मांडा

कोणतीही सार्वजनिक व्यवस्था कोलमडली की दोन निदानं ठरलेली असतात. एक, लोकांना शिस्त नाही. दोन, कायद्याचा धाक नाही. पहिल्यावर उपाय म्हणून फलक लागतात, दुसऱ्यावर दंड वाढवला जातो, आणि काही महिन्यांत ये रे माझ्या मागल्या. तिसरी शक्यता क्वचितच तपासली जाते: प्रत्येक माणूस आपल्यापुरता अगदी शहाणपणानेच वागत असेल, आणि त्या सगळ्यांच्या शहाणपणाची बेरीज मूर्खपणात होत असेल.

गेम थिअरी आणि नेटवर्कचं गणित या दोन शाखांचं काम हेच आहे. समोरचे काय करतील हे धरून मी काय केलं तर माझा फायदा, हा पहिलीचा प्रश्न. कोण कुणाशी जोडलेलं आहे आणि त्यामुळे काय पसरतं, काय अडतं, हा दुसरीचा. दोन्हींची ओळख बहुधा दोन कैद्यांच्या गोष्टीपुरती आणि ‘सहा ओळखींत सगळं जग’ अशा चुटक्यांपुरतीच होते. घरातल्या वाटण्या किंवा पगाराची बोलणी यांतही त्यांचा थोडाफार उपयोग होतो, पण मला वाटतं त्यांची खरी जागा सार्वजनिक नियम करणाऱ्यांच्या टेबलावर आहे. कोणताही नियम लागू करण्याआधी तो पाळण्यात आणि मोडण्यात कुणाचा किती फायदा आहे याचा हिशेब लेखी मांडणं सक्तीचं असावं, आणि तो सगळ्यांना वाचता यावा. खर्चाचं अंदाजपत्रक मागायला आपण शिकलो. वागणुकीचं अंदाजपत्रक अजून कुणी मागत नाही.

रस्त्याचं उदाहरण घेऊ. ते जुनं आहे, पण बहुतेक जण ते अर्ध्यावर सोडतात.

रोज सकाळी ४००० गाड्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातात. मार्ग दोन. वरच्या मार्गावर आधी अरुंद पूल, मग लांबचा रुंद रस्ता. खालच्या मार्गावर उलट: आधी रुंद रस्ता, मग अरुंद पूल. रुंद रस्त्यावर गर्दी कितीही असो, ४५ मिनिटं लागतात. पुलावर मात्र गाड्यांच्या संख्येला १०० ने भागलं की येईल तितकी मिनिटं लागतात. एका मार्गावर गर्दी वाढली की लोक दुसरीकडे वळतात, त्यामुळे गाड्या निम्म्या-निम्म्या होतात. प्रत्येक पुलावर २००० गाड्या, म्हणजे २० मिनिटं, अधिक ४५. प्रवास ६५ मिनिटांचा.

आता लोकांच्या सोयीसाठी दोन्ही मार्गांच्या मध्यावर एक जोडरस्ता बांधला जातो, इतका छोटा की त्याला वेळच लागत नाही. पहिला पूल ओलांडायचा, जोडरस्त्याने दुसऱ्या मार्गावर यायचं, दुसरा पूल ओलांडायचा. पुलावर सगळ्या ४००० गाड्या आल्या तरी ४० मिनिटंच लागणार, म्हणजे रुंद रस्त्याच्या ४५ पेक्षा कमी. मग रुंद रस्त्याने जाईल कोण? सगळेच दोन्ही पूल धरतात आणि प्रवास ४० अधिक ४०, म्हणजे ८० मिनिटांचा होतो. नवा रस्ता झाला आणि प्रत्येकाची १५ मिनिटं गेली. कुणी एकट्याने जुना मार्ग धरून पाहिलाच, तर त्याला ८५ मिनिटं लागतात आणि दुसऱ्या दिवशी तोही परत येतो. एकट्याने चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही, अशा अवस्थेला नॅश समतोल म्हणतात. हा विरोधाभास डीट्रिख ब्राएस या जर्मन गणितज्ञाने १९६८ मध्ये मांडला.

इथे ‘म्हणून जोडरस्ता बंद करा’ असं म्हणून उदाहरण संपवतात. पण जोडरस्ता पूर्ण बंद ठेवणं हेही सर्वांत चांगलं उत्तर नाही. तीनपैकी कोणत्या मार्गाने किती गाड्या गेल्या तर सगळ्यांचा मिळून वेळ कमीत कमी होईल, हे काढलं तर उत्तर येतं: ५०० गाड्यांनी जोडरस्ता वापरावा, उरलेल्या ३५०० नी जुन्या दोन मार्गांवर निम्म्या-निम्म्या जावं. तेव्हा प्रत्येक पुलावर २२५० गाड्या येतात आणि पुलाला २२.५ मिनिटं लागतात. जोडरस्तावाले ४५ मिनिटांत पोहोचतात, बाकीचे ६७.५ मिनिटांत. सरासरी ६४.६९ मिनिटं, म्हणजे जोडरस्ता नसतानाच्या ६५ पेक्षा थोडीशी कमी.

पण ही आदर्श मांडणी टिकत नाही. शेजारचा ४५ मिनिटांत पोहोचतोय आणि आपण ६७.५ मिनिटं घालवतोय हे कळल्यावर जोडरस्त्याकडे न वळणारा माणूस कुठून आणणार? ‘सहकार्य करा’ असा फलक इथे निरुपयोगी आहे, कारण सहकार्य करणाऱ्याला रोज साडेबावीस मिनिटांचा भुर्दंड बसतो.

उपाय अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्येच सुचवला होता: प्रत्येकाने इतरांना घातलेला भुर्दंड स्वतः भरावा. पुलावर २२५० गाड्या असताना आणखी एक गाडी आली की प्रत्येकाचा वेळ मिनिटाच्या शंभराव्या हिश्शाने वाढतो. म्हणजे त्या एका गाडीने इतरांची मिळून २२.५ मिनिटं घेतली. तेवढ्या वेळाच्या किमतीचा टोल प्रत्येक पुलावर लावला की गणित जुळतं. दोन पूल धरणाऱ्याला ४५ मिनिटं आणि ४५ मिनिटांच्या किमतीचा टोल, एकूण ९०. एकच पूल धरणाऱ्याला ६७.५ अधिक २२.५, तेही ९०. आता कुणालाच मार्ग बदलावासा वाटत नाही, आणि गाड्यांची वाटणी नेमकी आदर्श होते.

मग हरकत कशाला? हरकत त्या ९० च्या आकड्यातच आहे. टोल लागण्याआधी माणसाला ८० मिनिटं लागत होती. आता वेळ आणि पैसा मिळून त्याला ९० पडतात. रस्ते मोकळे झाले, सगळ्यांचा वेळ वाचला, तरी प्रत्येक जण आधीपेक्षा तोट्यात. फायदा गेला टोल गोळा करणाऱ्याच्या तिजोरीत. टोलची रक्कम सर्वांना समान परत दिली तर प्रत्येकाच्या वाट्याला २५.३१ मिनिटांची किंमत येते आणि निव्वळ भार ६४.६९ वर उतरतो. म्हणजे टोल चांगला की वाईट, हे टोलवर ठरतच नाही. गोळा झालेल्या पैशाचं काय होतं यावर ठरतं. टोलला विरोध करणारी माणसं अडाणी नसतात. त्यांनी ८० आणि ९० ची तुलना केलेली असते, आणि ती बरोबर असते.

यात एक बारकावा आहे. वेळेची किंमत सगळ्यांना सारखी नसते. पैशातला टोल श्रीमंताला किरकोळ वाटतो आणि हातावर पोट असणाऱ्याला जड जातो. परतावा समान ठेवला तर कमी गाडी चालवणाऱ्याला, म्हणजे बहुधा कमी उत्पन्नाच्या माणसाला, भरल्यापेक्षा जास्त परत मिळतं. तोच पैसा उड्डाणपुलात घातला तर चित्र उलटं होतं. हे दोन्ही पर्याय आकड्यांसह आधी समोर ठेवायला काहीच अवघड नाही.

हेही पाहून घ्यायला हवं की मार्गनिवडीचा दोष मुळात किती. टिम रफगार्डन आणि एवा टार्डोश यांनी सिद्ध केलं आहे की गर्दीबरोबर वेळ सरळ रेषेत वाढत असेल, तर जाळं कितीही गुंतागुंतीचं असलं तरी मनमानीने लागणारा सरासरी वेळ आदर्श वेळेच्या ४/३ पटीपेक्षा जास्त होत नाही. आपल्या उदाहरणात हे गुणोत्तर १.२४ येतं. खऱ्या रस्त्यांवर वेळ सरळ रेषेत वाढत नाही. वाहतूक अभियंते साधारणपणे गर्दीच्या चौथ्या घातात वाढ धरतात, आणि तेव्हा ही मर्यादा सुमारे २.१५ पट होते. तेव्हा प्रवासाला तिप्पट-चौपट वेळ लागत असेल, तर ‘लोक वाटेल तिथून गाड्या घालतात’ हे कारण पुरत नाही. दुखणं दुसरीकडे असतं: गाड्याच जास्त आहेत, किंवा रस्ता कुठेतरी चिंचोळा आहे.

हिशेब न मांडता नियम केला की काय होतं याचा नमुना मेक्सिको सिटीत सापडतो. १९८९ पासून तिथे नंबरप्लेटच्या शेवटच्या अंकानुसार प्रत्येक गाडीला आठवड्यातला एक दिवस बंदी घातली गेली. कागदावर पाचव्या हिश्शाची गर्दी कमी. पण ज्याला परवडतं त्याच्यापुढे चाल अगदी सोपी होती: वेगळ्या अंकाची दुसरी गाडी घ्यायची, बऱ्याचदा जुनी आणि जास्त धूर ओकणारी. लुकास डेव्हिस या अर्थशास्त्रज्ञाने २००८ मध्ये प्रदूषणाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हवा सुधारल्याचा पुरावा मिळाला नाही आणि गाड्यांची संख्या मात्र वाढलेली दिसली. नियम करणाऱ्यांनी पुढची एकच चाल पाहिली असती तरी हे टळलं असतं.

प्रवेशाचे पसंतीक्रम भरतानाही हेच होतं, फक्त तिथे चूक उघड दिसत नाही.

समजा तीन शाळा आहेत: अ, ब आणि क. प्रत्येकीत एकच जागा. सईची पसंती अ, ब, क. नीलचीही अ, ब, क. ओमची ब, अ, क. शाळांचे स्वतःचे अग्रक्रम आहेत, घराचं अंतर वगैरे पाहून ठरलेले: अ शाळेत नील आधी, मग सई, मग ओम. ब शाळेत सई आधी, मग ओम, मग नील. क शाळा कुणालाही घेते. आता एक सरळ दिसणारी पद्धत वापरू: पहिल्या फेरीत सगळ्यांची पहिली पसंती पाहायची आणि जागा कायमच्या देऊन टाकायच्या, मग दुसरी पसंती, मग तिसरी. पहिल्या फेरीत अ नीलला, ब ओमला. दुसऱ्या फेरीत सई ब कडे जाते, पण जागा संपलेली. तिच्या हाती येते क. ब शाळेत तिचा अग्रक्रम सर्वांत वरचा होता, तरीही! तिने खोटं बोलून ब ला पहिली पसंती दिली असती तर जागा तिची होती.

या पद्धतीत खरं बोलणारा मार खातो. कोणत्या शाळेला पहिली पसंती देणं ‘वाया’ जाईल हे ज्या पालकांना बाहेरून कळतं, त्यांचं भागतं. ज्यांना कुणी सांगणारं नसतं ते मनापासून खरा क्रम लिहितात आणि शेवटच्या शाळेत पोहोचतात. नंतर आकडेवारी निघते की बहुतेकांना पहिली पसंती मिळाली, आणि व्यवस्था आपली पाठ थोपटून घेते. ती पहिली पसंती खरी होती की घाबरून लिहिलेली, हे त्या आकडेवारीत दिसतच नाही.

यावरचा उतारा डेव्हिड गेल आणि लॉईड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये दिला, आणि त्यात फरक एवढाच आहे की फेरीत दिलेली जागा तात्पुरती ठेवायची. पहिल्या फेरीत अ नीलला धरून ठेवते, ब ओमला. सईला अ कडून नकार, ती ब कडे जाते. ब पाहते की सईचा अग्रक्रम ओमच्या वर आहे. ओमला सोडते, सईला धरते. ओम अ कडे जातो, तिथे नील आहे, नकार. मग तो क कडे जातो. आता कुणाला नकार उरला नाही, तेव्हा जागा पक्क्या: नील अ, सई ब, ओम क. या पद्धतीत खरा क्रम लिहिल्याने विद्यार्थ्याचं कधीच नुकसान होत नाही, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. बॉस्टन शहराने २००५ मध्ये आपली आधीची पद्धत सोडून ही स्वीकारली. शॅप्ली आणि या विषयाचा व्यवहारात वापर करणारे ॲल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण हीही पद्धत अर्धवट उचलली की बिघडते. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे पसंतींच्या संख्येवर मर्यादा. शाळा शंभर आणि पसंती दहाच लिहायच्या असतील, तर दहाही मोठ्या मागणीच्या शाळा लिहिणारा विद्यार्थी रिकाम्या हाताने परत येऊ शकतो. म्हणजे एखादी हमखास मिळणारी शाळा यादीत घालण्याची कसरत परत आली, आणि खरं बोलण्याची हमी गेली. दुसरी चूक म्हणजे हमी कुणाला आहे हे विसरणं. ती फक्त अर्ज करणाऱ्या बाजूला असते. शाळांना जागा लपवून ठेवण्यात फायदा वाटू शकतो, म्हणून जागांची संख्या आधी जाहीर करून गोठवावी लागते. अर्जाच्या सूचनांमध्ये ‘खरी पसंती लिहा’ असं छापणं पुरेसं नाही. ती लिहिण्यात नुकसान नाही, हे पद्धतीनेच सिद्ध करून दाखवावं लागतं.

आता जाळ्याकडे वळू. जनजागृतीच्या मोहिमा का फसतात याचं उत्तर मला लोकांच्या उदासीनतेपेक्षा इथे जास्त सापडतं.

मार्क ग्रानोव्हेटर यांनी १९७८ मध्ये मांडलेली एक साधी रचना पाहा. शंभर माणसं आहेत. प्रत्येकाचा एक उंबरठा आहे: आधी इतक्या जणांनी केलं तर मी करीन. पहिल्याचा उंबरठा ०, दुसऱ्याचा १, तिसऱ्याचा २, असं शेवटच्याचा ९९. पहिला सुरू करतो, त्याला पाहून दुसरा, दोघांना पाहून तिसरा, आणि बघता बघता शंभरही जण सामील होतात. आता फक्त एक बदल करा: ज्याचा उंबरठा १ होता त्याचा २ करा. पहिला सुरू करतो. पुढे १ चा उंबरठा कुणाचाच नाही. खेळ तिथेच संपतो. एकीकडे शंभर, दुसरीकडे एक, आणि सरासरी उंबरठा ४९.५ वरून ४९.५१ झालेला. बाहेरून पाहणारा म्हणेल, पहिल्या वस्तीतली माणसं जागरूक, दुसरीतली सुस्त. ९९ माणसांत तसूभरही फरक नाही.

यातून मोहिमेसाठी दोन गोष्टी निघतात. ‘इतके टक्के लोकांचा पाठिंबा आहे’ असं सांगणारं सर्वेक्षण इथे फार कमी कामाचं आहे. विचारायचं ते हे: ‘तुमच्या ओळखीतल्या किती जणांनी केलं तर तुम्ही कराल?’ उत्तरं लहान आकड्यापासून मोठ्याकडे मांडली की मधली फट कुठे आहे ते दिसतं, आणि सगळी ताकद त्या फटीत लावायची. आधीच तयार असलेल्यांवर आणि शेवटी येणाऱ्यांवर खर्च केलेला पैसा वाया. दुसरं असं की माणूस सगळ्या शंभरांना पाहत नाही, ओळखीच्या आठ-दहांना पाहतो. म्हणून सुरुवातीची माणसं गावभर विखरून निवडण्यापेक्षा एकमेकांच्या ओळखीतली निवडणं बऱ्याचदा चांगलं.

बातमी आणि सवय यांत इथेच फरक पडतो. बातमी एकाकडून कळली तरी पुरते, म्हणून ती दूरच्या, तुरळक ओळखींमधून झपाट्याने फिरते. सवय बदलायला मात्र दोन-तीन जवळच्यांकडून दुजोरा लागतो. डेमन सेंटोला यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ऑनलाइन शेजारी दोन प्रकारे जोडले होते. एका जाळ्यात शेजाऱ्यांचे शेजारीही एकमेकांशी जोडलेले होते, दुसऱ्यात जोडण्या अस्ताव्यस्त होत्या. आरोग्यविषयक नवी सवय पहिल्या जाळ्यात सुमारे ५४ टक्के लोकांपर्यंत पोहोचली, दुसऱ्यात ३८ टक्क्यांपर्यंत. तरीही मोहिमेचा पैसा लाखो अनुयायी असलेल्या प्रसिद्ध चेहऱ्यावर जातो. तो चेहरा बातमी पसरवतो, सवय नाही.

साथीच्या रोगाचं मात्र उलट. तिथे एकाच संपर्काने भागतं, म्हणून जास्त ओळखी असलेली माणसं आधी गाठायला हवीत. पण ती शोधायची कशी, सगळ्यांच्या ओळखींचा नकाशा तर कुणाकडे नसतो! स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्ये दाखवलेली एक गंमत इथे कामी येते: सरासरीने पाहता, आपल्या मित्रांना आपल्यापेक्षा जास्त मित्र असतात. पाच जणांत एक मध्यभागी आणि बाकी चौघे फक्त त्याच्याशी जोडलेले असतील, तर माणशी मित्र १.६ पडतात. प्रत्येकाच्या मित्रांना किती मित्र, हे काढलं तर चौघांसाठी ४ आणि मधल्यासाठी १, सरासरी ३.४. कारण उघड आहे: ज्याला मित्र जास्त, तो जास्त याद्यांमध्ये येतो. म्हणून कृती अशी: चिठ्ठ्या टाकून काही माणसं निवडा, प्रत्येकाला एका ओळखीच्याचं नाव विचारा, आणि लस किंवा तपासणी त्या नाव सांगितलेल्याला आधी द्या. निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी २००९ च्या फ्लूच्या साथीत हार्वर्डच्या विद्यार्थ्यांवर हे तपासलं. मित्र म्हणून नाव आलेल्यांच्या गटात साथ सुमारे दोन आठवडे आधी दिसली. मात्र नाव विचारताना ‘घरातलं सोडून’ हे सांगायला विसरायचं नाही; नाहीतर सगळे घरच्यांचीच नावं देतात आणि युक्ती बोथट होते.

आता दंड. इथे सर्वांत जास्त भाबडेपणा चालतो, तोही कठोरपणाच्या थाटात.

नियम मोडून १० रुपये वाचत असतील आणि पकडलं जाण्याची शक्यता पन्नासात एक असेल, तर दंड ५०० च्या वर हवा. नाहीतर मोडणं फायद्याचं. हे गणित सगळ्यांना कळतं, म्हणून दंड वाढवण्याची मागणी होते. पण डावात तपासनीसही आहे, हे कुणी लिहीत नाही. दंड ५०० झाला की पकडला गेलेला आणि पकडणारा या दोघांमध्ये ५०० रुपयांचा सौदा टेबलावर येतो. त्याखालची कोणतीही रक्कम दोघांनाही परवडते. पकडण्याची शक्यता पाचात एक केली तर ५० च्या दंडातही तोच धाक राहतो आणि सौद्याची कमाल रक्कम दहापटीने घटते. शिवाय ५०० चा दंड माणुसकीला जड जातो, म्हणून तो लावलाच जात नाही. मोठा दंड आणि तुरळक तपासणी हा जोड लाचेला पोसणारा आहे, आणि तो निवडला जातो कारण दंडाचा आकडा वाढवायला काही खर्च येत नाही.

दंडाने उलटा परिणामही होतो. इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांवर झालेला, उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिकीनी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून सहा पाळणाघरांत दहा मिनिटांपेक्षा जास्त उशिराला १० शेकेल दंड ठेवला. उशिरा येणारे सुमारे दुपटीने वाढले. आधी उशीर झाला की बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटे. आता पैसे दिले की हिशेब फिटला. दंड मागे घेतल्यावरही उशीर पूर्वीइतका खाली आला नाही. लाज एकदा विकली की परत मिळत नाही, आणि ती कोणत्याच अंदाजपत्रकात मांडलेली नसते.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पाणी, कुरणं, जंगलं आणि मासेमारी सांभाळणाऱ्या समूहांचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना दिसलं की देखरेख करणारे वापरणाऱ्यांपैकीच किंवा त्यांना उत्तरदायी असतात, आणि शिक्षा पायरीपायरीने वाढते: पहिल्यांदा जवळजवळ नुसती जाणीव, वारंवार मोडणाऱ्याला मात्र जबर. गेम थिअरीशी हे जुळतं. जशास तसे ही चाल वारंवार खेळल्या जाणाऱ्या डावात चांगली, पण एखादी चूक नकळत घडली की दोन्ही बाजू एकमेकांना शिक्षा करत बसतात. मार्टिन नोवाक आणि कार्ल झिगमुंड यांनी १९९२ मध्ये दाखवलं की चुका होणाऱ्या जगात काही वेळा माफ करणारी चाल वरचढ ठरते. एकाने फसवलं तर त्याला ५ आणि दुसऱ्याला ०, दोघांनी साथ दिली तर ३-३, दोघांनी फसवलं तर १-१, अशा नेहमीच्या गुणांच्या डावात साधारण तीनात एकदा माफ करणारी. शून्य सहनशीलतेच्या घोषणा ऐकायला मर्दानी असतात, गणितात त्या हरतात.

या सगळ्यावर एक आक्षेप रास्त आहे: माणूस काही हिशेबाचं यंत्र नाही. खरंच नाही. एकाने रक्कम वाटायची आणि दुसऱ्याने वाटणी मान्य नसेल तर दोघांनाही शून्य, असा डाव १९८२ पासून असंख्य वेळा खेळवला गेला आहे. वाटा पाचव्या हिश्शाखाली गेला की अनेक जण तो नाकारतात, स्वतःचं नुकसान करून. पण यातून हिशेब टाकून द्यावा असं निघत नाही. हिशेबात अपमानाचा रकाना हवा, इतकंच निघतं. दुसरा आक्षेप असा की हे लोकांना नकळत वळवणं आहे. त्याला माझं उत्तर एक कसोटी आहे: लोकांना पूर्ण समजल्यावरही जो नियम चालतो तोच करावा. गेल-शॅप्लीची पद्धत या कसोटीला उतरते, खोट्या पसंतीला बक्षीस देणारी पद्धत उतरत नाही.

तो लेखी हिशेब एका पानात मावतो. डावात कोण कोण आहे, तपासनीस आणि पैसा गोळा करणारा धरून. प्रत्येकापुढे चाली कोणत्या, त्यांत नियमाला बगल देणारी सर्वांत स्वस्त चाल कोणती. प्रत्येक चालीत कुणाच्या पदरात काय पडतं: वेळ, पैसा आणि मान. कुणाला कुणाचं वागणं दिसतं. आणि कोणता आकडा आला तर नियम मागे घेतला जाईल. शेवटचा रकाना भरायला सर्वांत जास्त टाळाटाळ होईल, म्हणून तोच सर्वांत आधी मागावा.

स्टॉकहोमने हे जवळपास केलं. शहरात शिरणाऱ्या-बाहेर पडणाऱ्या गाड्यांवर गर्दीच्या वेळचा कर त्यांनी आधी फक्त प्रयोग म्हणून लावला, ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६. सीमारेषेवरची वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. कर थांबवल्यावर ती बरीचशी परत आली, म्हणजे घट कराचीच होती हेही कळलं. आधी विरोधात असलेलं जनमत या सात महिन्यांत वळलं, सप्टेंबरमधल्या मतदानात शहराने थोड्या बहुमताने कौल दिला, आणि ऑगस्ट २००७ पासून कर कायम झाला. ८० आणि ९० ची तुलना लोकांनी कागदावर न करता स्वतःच्या प्रवासात केली. मात्र आजूबाजूच्या ज्या उपनगरांनी आपापलं मतदान घेतलं, त्यांतल्या बहुतेकांनी नकार दिला होता. रोज सीमारेषा ओलांडून कर भरणारे त्यांच्यातले बरेच, आणि मोकळ्या रस्त्यांवर राहणारे शहरातले. डावात कुणाला मोजायचं, हे त्या मतदानात गणिताने ठरलं नाही. नगरपालिकेच्या हद्दीने ठरलं.